शेवटच्या माऱ्याचा नियम

रेग्ला, ९ सप्टेंबर २०२४

निवाल्दो,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फाडायच्या बेतात असशील, तर आधी एवढं वाच: भांडायला लिहीत नाही. तू माझा नंबर बंद करून टाकलास, त्याबद्दलही काही म्हणत नाही. शेजारच्या ओर्तेन्सियाची भाची उद्या समुद्र ओलांडून तिकडे तुझ्या टॅम्पाला येतेय, तिच्या चपलांच्या पिशवीत हे बसतंय, म्हणून लिहिते.

काम आपल्या खेळाचं आहे. रेइनिएर म्हणतो, गल्लीतले चार जुने कॉम्प्युटर एका केबलला जोडू आणि खेळातली अवकाशयानं पुन्हा उडवू. आठवतो ना रेइनिएर, तुझा तोफखाना सांभाळणारा? पोट सुटलंय, नेम तोच आहे. छपरांवरून ओढलेल्या केबल गेल्या, शहरभर पसरलेलं आपलं जाळं बंद झालं, पण तू रचलेल्या शस्त्रांची वही माझ्याकडे आहे. तीच निळी, कॉफी सांडलेली.

मला जेवढं कळलंय ते मांडते, चुकलं तर सांग. यानातली भट्टी वीज देते ती बारीक नळासारखी, सतत पण थोडी थोडी. लेसरला मात्र अख्खी बादली एकदम ओतायला लागते. म्हणून मध्ये साठा, सहाशे मापांचा. दर खेपेला भट्टी त्यात पन्नास मापं भरते आणि एका माऱ्याला किरण एकशेवीस पितो. किरण तिथल्या तिथे पोचतो, चुकवता येत नाही, पण लांब गेला की पसरतो आणि पसरला की चहाही गरम करणार नाही. आगगोळ्याचं उलट. तो रमतगमत जातो, वाटेत विरत जातो, पण लागला तर कवच फोडतो. आयनची तोफ काहीच फोडत नाही, समोरच्याची नुसती वीज घालवते. तिला गल्लीने काय नाव ठेवलं होतं ते लिहीत नाही, पत्र कोणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.

आणि प्रत्येक माऱ्याबरोबर उष्णता. अवकाशात वारा नाही, मग ती जाणार कुठे? यानाचे पत्रे बाहेर काढायचे, ते लाल होऊन उष्णता टाकून देतात, पण लाल झाले की शत्रूला आपण दिसतो. म्हणजे एक तर मारा, नाही तर लपा. हे तू मला शंभरदा समजावलंस आणि शंभरदा मी म्हणाले, "मारू." यानातल्या विजेची वाटणी माझ्याकडे होती, म्हणून तुझं काही चालायचं नाही.

प्रश्न एकच आहे, शेवटच्या माऱ्याचा. साठा पाव भागाखाली उतरला की भोंगा वाजायचा. भित्रे तिथेच थांबायचे. जो भोंग्याकडे कानाडोळा करून साठा पार शून्यावर नेईल, त्याचा शेवटचा मारा तिप्पट जोराचा, असा तुझा नियम. मी तर त्यावरच नाव कमावलं. पण वहीत एक गोष्ट सापडत नाही. साठा असा शून्यावर नेला, भरला, पुन्हा शून्यावर नेला, तर तो किती दिवस टिकतो? साडेतीन तास पुरणारा साठा महिनाभरात पन्नास मिनिटांवर का येतो?

आता तू म्हणशील, खेळात तास कुठे होते, खेपा होत्या. बरोबर आहे.

खेळबिळ काही नाही, निवाल्दो. आपल्या आईची फुप्फुसं गेलीत. जूनपासून तिला ऑक्सिजनचं यंत्र दिलंय, हवेतून ऑक्सिजन काढणारं, दिवसाला सोळा तास लावायचं. ते विजेवर चालतं आणि वीज दिवसाचे चौदा तास नसते. विजेवरच्या स्कूटरच्या सहा जुन्या बॅटऱ्या जमवून मी त्यावर चालवते. त्या मरत चालल्यात आणि मला कळत नाही का. तू इस्पितळाच्या वर्कशॉपमध्ये हीच यंत्रं दुरुस्त करायचास. मला उत्तर द्यायचं नसेल तर रेइनिएरला दे. शिव्या घाल हव्या तर, पण आकडे दे.

ओदालिस


रेग्ला, २ ऑक्टोबर

निवाल्दो,

भाची परत आली. म्हणाली, "त्याने पाकीट घेतलं, अक्षर बघितलं आणि गाडीच्या कप्प्यात टाकलं. मला कॉफी पाजली, पण उघडलं नाही." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो तुझा पीळ. पहिलं पत्र अजून त्या कप्प्यात असेल तर आधी ते वाच. नसेल वाचायचं तर थोडक्यात सांगते: आईला श्वास पुरत नाही, यंत्र विजेवर आहे आणि वीज नाही.

उत्तर मात्र मला मिळालं, तुझ्यावाचून मिळालं. परवा रेइनिएर आला, बॅटऱ्यांना मीटर लावला आणि तिथेच फरशीवर बसला.

"इन्व्हर्टर आपोआप बंद व्हायची सोय होती याला. कुठे गेली?"

"काढली."

"काढली म्हणजे?"

"बॅटरीत वीज शिल्लक असायची आणि हा मेला भोंगा वाजवून बंद पडायचा. वायर तोडली आणि थेट जोडून टाकला."

"आणि शून्यापर्यंत नेलीस?"

"रोज दोनदा."

"अगं बाई, शिशाची बॅटरी आहे ही! अर्ध्याच्या खाली नेलीस की आतून खडू होतो तिचा. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं."

"मला कोण सांगणार? निवा म्हणाला होता, खेळातलं सगळं खरं आहे, वर्कशॉपमधून आणलंय."

"निवा म्हणाला होता! निवा असंही म्हणाला होता की वर्षभरात तुम्हा दोघींना नेतो."

बोलून तोच ओशाळला, उठून आईचे पाय चेपत बसला.

तू समजून घे मी काय केलंय ते. या गल्लीत वीज म्हणजे काय हे आम्ही सगळे तुझ्या खेळातून शिकलो. साठा, भरणं, रिकामं करणं, सगळं. भोंगा वाजला की थांबतो तो भित्रा, हे माझ्या हाडात बसलंय. आईच्या उशाशी तो भोंगा वाजायला लागला तेव्हा मला एक क्षणही शंका आली नाही. मी उठले आणि वायर तोडली. माझ्या हातांनी मी तिच्या तासांची मिनिटं केली. काल अठरा मिनिटं चालल्या बॅटऱ्या.

आता रेइनिएर दुपारी बारा ते चार आपल्या स्कूटरची बॅटरी काढून देतो. ती नवी आहे, वेगळ्या जातीची, चांगली चालते. पण त्याच स्कूटरवर तो सामान पोचवतो, त्याचं पोट त्यावर आहे. बाकीच्या वेळात आईला खुर्चीत सरळ बसवते, पुठ्ठ्याने वारा घालते आणि म्हणते, हळू घे, नाकाने घे. ती म्हणते, "मला श्वास घ्यायला शिकवू नकोस, मी तुला शिकवलाय." जीभ शाबूत आहे अजून.

दुपारी झोपत नाही ती. डॉक्टर ओरडतात, मी ओरडते. डोळे मिटायला लागले की स्वतःला चिमटा काढते आणि फोनकडे तोंड करून बसून राहते. का, ते मला माहीत आहे. तुला आज सांगत नाही.

तिकडे रेइनिएरकडे आहे तसली बॅटरी मिळत असेल. विमानात नेऊ देत नाहीत म्हणे, जहाजाने येते. विचारून तरी बघ. मी तुझ्या पाया पडते, निवाल्दो. हे वाक्य मी जन्मात कोणाला लिहिलेलं नाही.

ओदालिस


रेग्ला, २२ ऑक्टोबर

निवाल्दो,

आई जिवंत आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचशील.

चार दिवस सगळ्या बेटाची वीज गेली होती, तिकडे बातम्यांत आलंच असेल. रेइनिएरची बॅटरी पहिल्याच दुपारी संपली, ती भरायला वीज कुठली? मग तो, मी आणि ओर्तेन्सियाचा जावई असं मिळून आईला खुर्चीसकट उचलून दवाखान्यात नेलं. तिथे जनरेटर होता. तिसऱ्या दिवशी त्याचं तेल संपलं. मग एक सिलिंडर आणि चार म्हातारी माणसं. नर्स घड्याळ बघून दर दहा मिनिटांनी नळी या नाकातून त्या नाकात लावत होती, कोणी हूं की चूं केलं नाही. आईची पाळी नसायची तेव्हा तिची नखं निळी पडायची आणि मी ती हातात झाकून धरून बसायचे, तिला दिसू नयेत म्हणून.

त्या बाकड्यावर बसून ती मला म्हणाली, "तू इथे काय करतेस? घरी जा."

"तुला सोडून?"

"निवाचा फोन येईल. मी इथे, तू इथे, उचलणार कोण? दोन वर्षं मी झोपलेली असते तेव्हाच येतो बिचाऱ्याचा. आज तर मी जागी आहे."

मी उठून बाहेर गेले आणि भिंतीला डोकं टेकून रडले. आता सांगते. गाडीच्या कप्प्यात टाकायचं तर टाक, पण आधी वाच.

तापाचुलाहून तू फोन केलास, आठवतं? निकाराग्वाहून चालत, ट्रकमधून, कसाबसा मेक्सिकोत पोचला होतास. आईला न सांगता गेला होतास. रडत होतास. म्हणालास, "तिला दे फोन. मला एकदा माफ केलं म्हणू दे." आणि मी म्हणाले, "ती म्हणते, मला मुलगा नाही."

आई हे कधी म्हणाली नाही. आई तेव्हा अंगणात चादरी वाळत घालत होती, माझ्यापासून दहा पावलांवर. फोन आलाय हेही तिला माहीत नव्हतं.

त्यानंतर तू एकतीस निरोप पाठवलेस, स्वतःच्या आवाजात. मी एकही तिला ऐकवला नाही. तिने विचारलं की सांगायचे, "आला होता फोन, तू झोपली होतीस." म्हणून ती झोपत नाही, निवाल्दो. दोन वर्षं ती दुपारची धड झोपली नाहीये. तो जुना फोन मार्चमध्ये बिघडला आणि ते निरोपही गेले. त्याच सुमारास तू माझा नंबर बंद केलास, आणि तेव्हा मला बरं वाटलं होतं, कारण आता दडवायला निरोपच येणार नव्हते.

का केलं विचारशील. जायचं आपलं दोघांचं ठरलं होतं. एक दिवस उठले तर तुझा पलंग रिकामा. आईजवळ कोणीतरी राहायला हवं, हे मलाही कळत होतं. तू विचारलं असतंस तर मीच म्हणाले असते की तू जा. तू विचारलं नाहीस. यानातली वाटणी माझ्याकडे आणि घरातली वाटणी मात्र तू परस्पर करून टाकलीस. मला राग आला. राग इतके दिवस टिकतो हे मला माहीत नव्हतं.

दवाखान्यातून आल्यावर वही पुन्हा चाळली. शेवटच्या माऱ्याच्या पानावर शिवणीजवळ बारीक अक्षरात तू लिहिलंयस: "खऱ्या बॅटरीला असं करू नये, मरेल. पण खेळात हवंच, नाहीतर मजा काय." कॉफीच्या डागाखाली होतं, मी कधी वाचलंच नव्हतं. तू मजेसाठी खोटं लिहिलंस आणि मी रागाने खोटं बोलले, आणि दोन्हींचा भार तिच्या छातीवर आलाय.

आईला काल सगळं सांगितलं. म्हणाली, "म्हणजे तो खरंच फोन करत होता." आणि हसली. तिने थोबाडीत मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

ओर्तेन्सियाकडे तारेचा फोन आहे, तो वीज नसतानाही चालतो. तिने लांब वायर जोडून खिडकीतून तो आईच्या पलंगाशी आणून ठेवलाय. नंबर मागे लिहिलाय. रविवारी दुपारी चारला कर. बॅटरीचं राहू दे. मला माफ करू नकोस, माझ्याशी बोलूही नकोस, फोन मी उचलणारच नाही, तीच उचलेल.

ओदालिस


रेग्ला, ४ नोव्हेंबर

निवाल्दो,

वादळ येतंय म्हणतात, विमानं बंद व्हायच्या आत भाची निघतेय. ती दारात उभी आहे आणि मी घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

काल तू फोन केलास. नंतर ओर्तेन्सियाला पुन्हा फोन करून म्हणालास, "आईचा राग गेलेला नाही, ते कळलं मला. तिला बोलायचं नसेल तर मी पुन्हा त्रास देणार नाही." ओर्तेन्सियाने ते मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, आईला ऐकू गेलं नाही. तेव्हापासून रेइनिएर त्याच्या फोनवरून तुला लावतोय आणि तू उचलत नाहीस. निवा, तुझी चूक होतेय. फार मोठी चूक होतेय. काय झालं ते ऐक.

चारला वीज होती, चक्क. यंत्र भिंतीवरच्या विजेवर चालू होतं, नळी नाकात होती, बोटाला लावलेलं ऑक्सिजन मोजायचं यंत्र एक्क्याण्णव दाखवत होतं. एवढा आकडा आम्हाला महिनाभरात दिसला नव्हता. ती तीनपासूनच केस विंचरून बसली होती. घंटा वाजली. तिने उचलला. पण ते यंत्र कसं धडधडतं तुला माहीत आहे, तू दुरुस्त केलीयस ती. आणि तिचा उजवा कान आता गेलाय. "काय? काय?" करत राहिली. मग मला म्हणाली, "बंद कर ते."

"आई, नको."

"बंद कर म्हटलं ना. दोन वर्षं त्याचा आवाज नाही ऐकला, आता याचा ऐकू?"

मी बंद केलं. खोली एकदम शांत झाली. तुझा आवाज मलाही ऐकू येत होता, पलंगाच्या कडेला.

ती म्हणाली, "जेवलास का?" तेवढ्या दोन शब्दांना तिला तीन श्वास लागले. तू म्हणालास, "हो, आई." आणि मग विचारत सुटलास. कशी आहेस, माझ्यावर रागावलीस का, बोल ना, माफ केलंस का, बोल की गं. अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याऐंशी. तू विचारलंस, "रागावलीस?" आणि तिने जोरजोरात मान हलवली. नाही, नाही, नाही. फोनवर मान दिसत नाही रे. मी सांगायला तोंड उघडलं तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला, मध्ये बोलू नकोस म्हणून, तुझा एक शब्द हुकेल म्हणून. एक्क्याऐंशी. मी बटणाकडे हात नेला तर तिने मनगट धरलं. कुठून ताकद आली कोणास ठाऊक, आज वळ दिसतायत.

तू म्हणालास, "बरं. ठेवतो." ओठ निळे झाले होते तिचे. तू ठेवलास तरी ती फोन कानाला लावूनच होती. शहात्तरला मी तिच्या हातातून ओढून काढला आणि यंत्र लावलं. नव्वदीच्या जवळपास यायला पाऊण तास लागला. बोलता यायला लागल्यावर पहिलं काय म्हणाली असेल? "आवाज बसलाय त्याचा. सर्दी झाली असेल."

ती गप्प होती कारण तुला ऐकायला तिने हवा बंद केली होती. दुसरं काही नाही. रागाचा लवलेश नाही. आज सकाळपासून तीनदा विचारलंय, रविवार कधी आहे.

मी म्हणाले, पुढच्या वेळी यंत्र चालूच ठेवू, निवाला ओरडून बोलायला सांगू. म्हणाली, "ओरडलेला नको. त्याच्या आवाजात हवा." डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी हात जोडले. म्हणाले, तिला अडवता आलं तर अडवा. तू तिला ओळखतोस, मी ओळखते. ती ऐकणार नाही. तू फोन केला नाहीस तर ती फोनकडे बघत, झोप मोडून मरेल, आणि केलास तर प्रत्येक वेळी थोडी मरेल. यातलं निवडणं माझ्या हातात असतं तर मी निवडलं नसतं. तिने निवडलंय.

म्हणून फोन कर. येत्या रविवारी, चारला. वादळाने तार तोडली तर त्याच्या पुढच्या रविवारी. काही विचारू नकोस. तिला उत्तर द्यायला लावू नकोस, उत्तराला हवा लागते. नुसता बोल. काम कुठे करतोस, काय शिजवतोस, खिडकीतून काय दिसतं, काहीही. रागावलीस का हे तर चुकूनही नको, मी तुला सांगितलंय, नाही. घड्याळ समोर ठेव. चार मिनिटं. पाचवं नको. चार मिनिटं झाली की तू फोन ठेव, निवा. रडू आलं तरी ठेव. ती कधीच आधी ठेवणार नाही.

ओदालिस